बर्फाच्या मुलखातली कोरडी माती

पहाटे चारला धुरपताबाईचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नव्हता. उठली की अंगणातली चूल पेटायची, आणि सून बबिता जागी होईपर्यंत निम्म्या भाकरी टोपल्यात पडलेल्या असायच्या. सुनेला आराम मिळावा म्हणून नव्हे. सुनेच्या भाकरी जाड व्हायच्या म्हणून.

धुरपताबाई मूळची राणीसावरगावची. नवरा गेल्यावर परभणीला आली आणि एका कॉलेजच्या माती-परीक्षणाच्या लॅबमध्ये रोजंदारीवर लागली. मुलगा पूर्णेला रेल्वेत, रुळाच्या कामावर. घरी सून, दोन नातवंडं आणि ती.

लॅबमधलं तिचं काम सांगायला सोपं होतं. शेतकऱ्यांनी पिशव्यांतून आणलेली माती सावलीत वाळवायची, ढेकळं फोडायची, चाळायची. करायला सोपं नव्हतं. ढेकूळ लाकडी मोगरीनंच फोडायचं, लोखंडानं नाही. चाळणी मनगटातून हलवायची. खांद्यातून हलवली तर दुपारपर्यंत खांदा कामातून जातो. चाळणीवर जे राहतं ते फेकायचं नाही, परत फोडायचं, परत चाळायचं. फेकलं तर शेतकऱ्याच्या हाती खोटा कागद पडतो. हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. नव्यानं लागलेले बरेच जण चार दिवसांत धूळ खाऊन कंटाळायचे. धुरपताबाई तोंडाला पदर बांधून बसायची ती जेवणाच्या सुट्टीलाच उठायची.

तिच्या जोडीला सितारामा. काचसामान धुणं, यंत्रं पुसणं, चहा सांगणं ही त्याची कामं. तोंड बंद ठेवणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

दसऱ्यानंतर लॅबच्या शुभदा मॅडम एक थर्माकोलचा डबा घेऊन आल्या. मॅडम जिंतूरच्या. शास्त्रज्ञांच्या एका तुकडीबरोबर त्या दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आल्या होत्या आणि तिथली माती त्यांनी रीतसर परवानगी काढून आणली होती. डब्यात बर्फ आणि बर्फात छोट्या पिशव्या.

धुरपताबाईनं एका पिशवीतली चिमूट बोटांत घेऊन चोळली. सवयच ती.

"म्याडम, ही तर राख हाय. बर्फाच्या मुलखातली माती अशी कोरडीठक्क कशी?"

"बर्फ आहे, पण पाणी कुठंय?" मॅडम म्हणाल्या. "तिथं इतकी थंडी की बर्फ वितळतच नाही. वारा असा की पडलेला बर्फही उडून जातो. पाऊस नाहीच. वाळवंटच ते, फक्त गार."

"मंग आपलं बरं म्हणायचं की!" सितारामा म्हणाला. "आपल्याकडं दोन वर्साला का होईना, पडतंय."

मॅडमनी पुढं जे सांगितलं ते धुरपताबाईला आधी खरं वाटेना. त्या राखेत जीव होते. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, धाग्यासारखे. सूत्रकृमी म्हणतात त्यांना. माती वाळली की तेही वाळतात. अंगातलं पाणी जवळजवळ सगळं जातं, वेटोळं करून पडून राहतात. खाणं नाही, हलणं नाही. वर्षानुवर्षं. आणि माती जरा ओली झाली की उठतात.

"मेलेलं उठतंय?"

"मेलेलं नाही, धुरपताबाई. थांबलेलं."

मॅडमना बघायचं होतं ते एवढंच, की किती ओल झाली की या जिवांचं काय होतं. त्यांनी त्या मातीच्या काचेच्या बशा केल्या आणि गार कपाटात तीन रांगांत मांडल्या. वरच्या रांगेला पाणी अजिबात नाही. मधल्या रांगेला नावापुरती ओल. खालची रांग सतत ओली. कपाटात आतून दिवा, थंडी फ्रीजसारखी.

पाणी घालण्याचं काम धुरपताबाईला मिळालं, कारण तिचा हात हलत नव्हता. बशी तराजूवर ठेवायची, सितारामानं आकडा वाचायचा, आणि वजन जितकं उतरलं असेल तितके थेंब ड्रॉपरनं सोडायचे. मातीवर एकाच जागी नाही. कडेनं, फिरवत. एका जागी सोडले तर खड्डा पडतो आणि मीठ एकीकडं गोळा होतं. त्या मातीत मीठ बरंच होतं, आपल्याकडच्या चोपण जमिनीत असतं तसं.

आकडे सितारामा वाचायचा याला एक कारण होतं. धुरपताबाईला ते दिसत नव्हते. दोन-तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांपुढं धुकं धरलं होतं. उजव्यात जास्त. ती म्हणायची, चष्मा घरी राहिला. चष्मा तिच्याकडं नव्हताच. सितारामाला ठाऊक होतं. तो तोंडाळ होता, पण ही एक गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही.

वरच्या रांगेचं तिला वाईट वाटायचं.

"म्याडम, हिला कवाच पाणी न्हाई?"

"नाही."

"थेंबभर बी?"

"थेंबभरही नाही. तिच्याशीच तर बाकीच्यांची तुलना करायचीय."

"कसायाचं काम हाय ह्ये," धुरपताबाई पुटपुटली, आणि खालच्या रांगेकडं वळली.

दिवाळीनंतर एक दिवस मॅडमनी खालच्या रांगेतली चिमूटभर माती काढली, पाण्यात धुतली आणि थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग ओरडल्याच. "या, या सगळे! उठलेत!"

लॅबमधले सगळे रांगेनं आले. जो तो डोळा लावून "अरे बापरे" म्हणत बाजूला होत होता. धुरपताबाईची पाळी आली. तिनं डोळा लावला. आत ताक होतं. पांढरं, दाट ताक. ती बराच वेळ बघत राहिली, कारण लगेच उठलं तर बरं दिसलं नसतं.

"दिसले?" मॅडमनी विचारलं.

"दिसले की. लय गोड हायत."

"कोन्त्या रंगाचे होते, मावशी?" सितारामानं विचारलं.

"काळे."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. ते जीव काचेसारखे होते, आरपार. रंगच नव्हता त्यांना. मॅडमनी फक्त धुरपताबाईच्या डोळ्यांकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात दाखवून या. मी सुट्टी लावते."

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळे. फुकट शिबिरात नाव लागलं. नंबर वैशाखात.

वैशाख तर वैशाख, घाई काय, असं तिला तेव्हा वाटलं. महिना गेला आणि येळवस आली.

राणीसावरगावकडं मार्गशीर्षातल्या अमावास्येला कुणी घरात थांबत नाही. सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, पूजा मांडायची, सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी, भाकरी आणि मडकंभर आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, वरून लसूण. माणसानं तोंडाला लावायच्या आधी ती आंबील रानात शिंपडायची. वर्षभर माती आपल्याला देते, एक दिवस आपण तिला द्यायचं. परभणीला आल्यापासून धुरपताबाईचं रान सुटलं होतं. येळवस तिनं सोडली नव्हती. दरवर्षी ती मडकं घेऊन लॅबला यायची, मागच्या वाफ्यांत आंबील शिंपडायची आणि मग सगळ्यांना वाटायची.

त्या वर्षीही तिनं वाफे शिंपडले. मग कुंड्या. मग दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं, आणि ती गार कपाटापुढं उभी राहिली. एवढ्या लांबून आलेली माती. तिची येळवस कधीच झाली नसेल. तिकडं करणार तरी कोण? खालच्या दोन रांगांना निदान पाणी मिळत होतं. तिनं वरच्या रांगेच्या झाकण्या काढल्या, आंबिलीत बोट बुडवलं आणि प्रत्येक बशीला बोटाच्या टोकावरचा एकेक थेंब दिला. हात जोडले. कपाट लावलं.

पुढच्या पंधरवड्यात वरच्या रांगेवर पांढरी लव धरली. झाकण उघडलं की आंबट वास.

मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. "कुणी काय घातलं यात?"

"मी," धुरपताबाई म्हणाली. "आंबील. येळवस व्हती."

सितारामानं हातातली काच न धुताच खाली ठेवली.

मॅडम खुर्चीत बसल्या. रागावल्या होत्या, पण आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर धुरपताबाईला बरं वाटलं असतं. "त्यांना पाणी नको होतं, धुरपताबाई. कोरड्यात ते सुखानं पडून होते. तुम्ही त्यांना उठवलंत. उठले तर भोवती आंबट, बुरशी, आणि दोन दिवसांत परत कोरडं. उठायला-निजायला त्यांना अंगातलं खर्चावं लागतं. सारखी उठ-नीज झाली की संपतात."

धुरपताबाई खाली बघत होती. "रातपाळी-दिसपाळी सारखी बदलली की मानूस खंगतंय, तसं."

"तसंच."

"म्हंजे मीच मारले."

मॅडम उठल्या. शीतपेटीत थोडी माती राखून ठेवलेली होती, त्यातून त्यांनी वरची रांग पुन्हा लावली. कपाटाची किल्ली सितारामाकडं गेली. थेंबांचं काम मात्र धुरपताबाईकडंच राहिलं. तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

सितारामा आता रोज कपाट उघडताना तिच्या हाताचा वास घ्यायचा. "आज काय हाय, मावशी? कढी का पिठलं?"

"तुजी रक्षा हाय. उघड मुकाट्यानं."

ती हसायची, पण मनात एक गोष्ट रुतून बसली. जे आपल्या हातानं मेले ते आपण बघितलेसुद्धा नव्हते. मेलं ते काळं होतं की पांढरं, हेही आपल्याला माहीत नाही. उरलेले तरी या डोळ्यांनी बघायचे.

तिनं मॅडमना विचारलं, "आता परत कवा बघायचं ते भिंगातून?"

"मध्ये बशांतली माती नाही काढायची. एकदम शेवटी, मोजणीला. शिमग्यानंतर."

"मंग वैशाखात दाखवा मला. डोळे झाल्यावर."

मॅडम तिच्याकडं वळल्या. "वैशाखात ते नसतील. परदेशातली माती आहे. परवानगीची मुदत संपायच्या आत सगळी वाफेत शिजवून टाकावी लागते, जिवंत काही बाहेर जाऊ नये म्हणून. नियमच आहे. पाडव्याच्या आत."

धुरपताबाई मोगरी घेऊन ढेकळांकडं गेली. त्या दिवशी तिनं ढेकळं जरा जास्तच बारीक फोडली.

तिच्याजवळ पैसे होते. दर पगारातून थोडे काढून पोस्टात टाकलेले. त्यातून बोरमाळ करायची होती. नवऱ्याच्या आजारपणात मोडलेली. हे सगळ्या घराला माहीत होतं, सुनेला तर पक्कं. रात्रीची भांडी घासून झाल्यावर तिनं बबिताला सांगितलं, "डोळ्याचं खाजगीत करून घेते. एकच. उजवा."

"वैशाखात फुकट व्हनारंय की, आत्याबाई."

"वैशाखापस्तोर ते शिजत्याल."

"कोन शिजत्याल?"

"लॅबातले किडे."

बबितानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "बोरमाळीच्या पैशानं डोळा करनार. आनि डोळ्यानं किडे बघनार."

"व्हय. मंग तुज्या भाकरीची जाडी बी बघनार."

बबिता हसायचं नाही म्हणून वळली, पण खांदे हलत होते. शेवटी म्हणाली, "पैसा तुमचा, डोळा तुमचा. मी कोन बोलनार? दवाखान्यात संगट मी येनार, येवढंच."

खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख सांगितली. धुरपताबाई म्हणाली, त्याच्या आधी पाहिजे.

"एवढी घाई का, बाई? घरात लग्न आहे?"

"न्हाई जी. किडे शिजवायलेत."

डॉक्टरांनी बबिताकडं पाहिलं. बबितानं, आपण यांच्या नात्यातल्याच नाही अशा चेहऱ्यानं भिंतीवरचा तक्ता वाचायला घेतला. मग धुरपताबाईनं सगळं सांगितलं. बर्फ, राख, थेंब, आंबील. बाहेर पेशंट खोळंबले होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच आठवड्यातली तारीख दिली.

डोळा झाला. काळा चष्मा, औषधाचे थेंब. वाकायचं नाही, धूळ नको, चूल नको. दुसऱ्याला थेंब घालणाऱ्या बाईला आता सून थेंब घालत होती, आणि "हलू नका, आत्याबाई, एका जागी पडायला नको" असं ऐकवत होती. चूल नको म्हणजे भाकरीही सुनेच्या हातच्या. धुरपताबाईनं त्या मुकाट्यानं खाल्ल्या. लॅबला न जाता घरी बसणं तिला सगळ्यात जड गेलं. त्या दिवसांत थेंबांचं काम मॅडमनी स्वतः केलं.

शिमगा झाला. मोजणीच्या दिवशी मॅडमनी रिक्षा पाठवली. धुरपताबाई चालतच आली. रिक्षा रिकामी मागून.

काळा चष्मा काढून ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पदर मागे घेतला. डोळा लावला.

ताक.

तेच पांढरं, दाट ताक. तिनं डोळा मिटला, उघडला, परत लावला. ताकच. पोस्टातलं सगळं गेलं होतं, आणि आत काहीच नव्हतं.

"म्याडम," ती हळूच म्हणाली, "न्हाई दिसायलं."

मॅडमचा चेहरा पडला. सितारामा बाजूनं बघत होता. तो म्हणाला, "मावशी, डोळा कोन्ता केला?"

"उजवा."

"मंग बघायल्या कोन्त्यानं?"

धुरपताबाईनं तोंडावर हात नेऊन चाचपलं. डावा डोळा भिंगाला लावलेला होता, उजवा घट्ट मिटलेला. दोन-तीन वर्षं उजवा जास्त गेलेला, म्हणून काहीही बघायचं तर डावाच पुढं करायची सवय.

"आगं माय!" ती म्हणाली, आणि लॅबमध्ये जे हसू फुटलं त्यात तिचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

मग तिनं उजवा डोळा लावला.

आत उजेड होता. उजेडात वाळूचे खडे, डोंगराएवढे. आणि खड्यांच्या मधून काचेचा एक धागा वळवळत गेला. वळला, खड्याला टेकला, मागे सरला, दुसरीकडून निघाला. पोटात काहीतरी हलत होतं, तेही दिसत होतं. आरपार.

धुरपताबाई भिंगावरून डोळा काढेना, तसं सितारामाला राहवेना. "काळे हायत का, मावशी?"

"गप ऱ्हा. त्यो जेवायलाय."

मॅडमनी तिला खालच्या रांगेची चिमूट दाखवली, मग मधल्या रांगेची. दोन जातींचे जीव होते. मॅडम सांगत गेल्या तसं तिला ओळखू येऊ लागलं. ओल जास्त झालेल्या रांगेत एक जात वाढली होती. दुसरी, अस्सल कोरड्यातली, कमी झाली होती. मधल्या रांगेत दोन्ही होत्या.

"म्हंजे पानी वाढलं की सगळ्यांचं भलं व्हतंय असं न्हाई."

"नाही. एकाचं होतं, एकाचं जातं. तिकडं आता बर्फ जास्त वितळायला लागला, तर काय होईल, हाच तर प्रश्न आहे."

आमच्या भागात पाणी जास्त झालं म्हणून कुणाचं वाईट होतं हे कुणी पटकन मानणार नाही. धुरपताबाईनंही लगेच मानलं नाही. तिनं परत खालची रांग बघितली, परत मधली. मग मानलं.

शेवटी वरची रांग. नवी लावलेली, कोरडी. एक जीव भिंगाखाली आला. जिलेबीच्या एका वेढ्यासारखा, गोल, गच्च. हलत नव्हता. मॅडमनी ड्रॉपर तिच्या हातात दिला. "घाला."

"ह्याला?"

"आता घालायचंय. आता चालतं."

तिनं एक थेंब सोडला. कडेनं. मॅडम म्हणाल्या, काही तास लागतील, उठेलच असंही नाही. धुरपताबाई स्टुलावर बसून राहिली. सितारामानं चहा आणला, तो गार झाला. मधून मधून डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती डोळा मिटून घ्यायची, मग परत लावायची. जेवणाची सुट्टी आली आणि गेली. मॅडम मोजणी करत होत्या आणि तिला उठवत नव्हत्या.

दुपार कलल्यावर वेढा जरा सैल झाला. एक टोक बाहेर आलं. थांबलं. मग सगळा जीव सावकाश, आळस दिल्यासारखा, सरळ झाला.

"उठला," धुरपताबाई म्हणाली.

सगळे धावले. तिनं जागा सोडली, सगळ्यांना बघू दिलं, आणि मग परत बसून एकदा बघितलं. "राजा, तुला आंबील न्हाई दिली आज," असं ती भिंगात तोंड घालून म्हणाली. मॅडमनी ऐकलं आणि या वेळी त्यापण हसल्या.

संध्याकाळी सगळ्या बशा वाफेच्या भांड्यात गेल्या. भांडं लावणं धुरपताबाईचंच काम होतं. सितारामा म्हणाला, मी लावतो. ती म्हणाली, नको. बशा एकावर एक नाही, अंतर ठेवून रचल्या, म्हणजे वाफ सगळीकडं सारखी लागते. झाकण बसवलं, चारही बाजूंचे नट सारखे आवळले. काम अर्धवट झालं तर जीव हाल होऊन मरतो. मग वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघत उभी राहिली. काट्यावरचा आकडा आज तिनंच वाचला.

पोस्टातल्या पैशांचा हिशेब घरात नंतर निघाला, तेव्हा बबितानं शेजारणीला एका वाक्यात सांगितला. उजवा डोळा आत्याबाईंच्या रोजंदारीचा, डावा वैशाखात झाला, सरकारी, फुकट.